शेरा

सहाच्या आत दारणेच्या काठावर.
पाणी इतकं मागे गेलंय की होडीपर्यंत पोचायला
वाळल्या गाळावरून चालत जावं लागतं,
भेगांत अडकलेले शिंपले पायाखाली कुरकुरतात.
पिशवीत लाकडी पट्टी, ताणकाटा, भिंग
आणि पंचाण्णव पाकिटं, भाचीच्या लग्नातल्या आहेराची, उरलेली.
ऑफिसातली स्टेशनरी मार्चमध्येच संपते.
एका पाकिटात एका माशाचे चार खवले.
वर गणपती छापलेला, खाली मी पेन्सिलीनं लिहिते
लांबी, वजन, नर की मादी.

प्रशिक्षणात आम्हांला हेरिंग शिकवला होता.
थंड समुद्रातला, थव्याथव्यानं फिरणारा.
किती पिलं तगली, किती म्हातारे उरले,
किती टन काढले तर पुढच्या साली तेवढेच येतील,
सगळं फळ्यावरच्या एका वळणदार रेषेत बसायचं.
हेरिंग मी अजून पाहिलेला नाही.
माझ्यापुढे रोहू, कटला, मृगळ
आणि कुणी न बोलावता आलेली चिलापी.

पुंजाराम भोई जाळं झटकतो.
"मोजा मॅडम. तोंडाकडून मोजा नाहीतर शेपटीकडून,
पोरगं ते पोरगंच."

एकतीस सेंटिमीटर. एकोणतीस. तीस. एकतीस.
एका इयत्तेतली मुलं प्रार्थनेला उभी राहावीत तसे आकडे.
खवला उजेडाकडे धरला की वर्षं दिसतात.
उपासाच्या दिवसांत वळी दाटतात, खायला मिळालं की सैल होतात.
एक दाट पट्टा. फार तर दीड.
इथली रोहूची मादी अंड्यावर येते तिसऱ्या वर्षी.
तिसऱ्या वर्षाचं पाकीट
सकाळपासून रिकामंच आहे.

कागदावर बीज सोडलंय अठरा लाख.
ट्रकमधून पिशव्या उतरल्या तेव्हा हौसाबाई इथंच होती, चूल पेटवत.
"मला शंभरापर्यंतच येतं," ती म्हणाली,
"पण शंभराची पाळी आली न्हाई."

ठेकेदाराचा मुनीम बर्फाच्या लादीवर टेकून,
"वजन तर उतरतंय ना? गेल्या साली बाराशे किलो,
यंदा बाराशे दहा. लिहा की समाधानकारक."
मी पाकिटाच्या मागे भागाकार करते.
गेल्या साली होड्या आठ, यंदा एकोणीस.
तेव्हा एका रात्रीचं जाळं, आता तीन रात्रींचं.
उत्तर इतकं बारीक येतं
की गणपतीच्या सोंडेपाशी मावतं.

पुंजारामच्या खोपटात आढ्याला एक जुनं जाळं टांगलंय.
त्याच्या बापानं विणलेलं, गाठी काळ्या पडलेल्या.
जाळ्याच्या डोळ्याला परिपत्रकात आस म्हणतात,
तिची मापं ठरलेली असतात, कुणी पाळत नाही.
पुंजाराम मूठ वळतो, त्या आसेतून सरळ पलीकडे काढतो,
कोपरापर्यंत.
मग उंबऱ्यावरचं नायलॉनचं ओढतो. दोन बोटं. तीही घासून.
"ह्यातून निसटंल असं काही बी
ह्या पाण्यात आता न्हाई," म्हणतो,
आणि मला चहा देतो, दूध नसल्याबद्दल माफी मागत.

फॉर्मवर चौकटी तीन. उत्तम, समाधानकारक, चिंताजनक.
तिसरी भरली की साहेब नाशिकहून फोन करतात,
पुरवणी जोडा म्हणतात, पुन्हा मोजणी घ्या म्हणतात,
तोवर ठेक्याची मुदत वाढलेली असते.
मी तिसरीच भरते.
शेऱ्याच्या रकान्यात जागा दीड ओळीची.
लिहिते: जुन्या जाळ्यातून पुंजाराम यांची मूठ जाते.
नव्यातून दोन बोटं.
हे कुठल्या एककात मांडायचं
ते कुणी शिकवलं नव्हतं.

घोटीच्या बसमध्ये शेजारची बाई
नाकाला पदर लावून पुढच्या सीटवर सरकते.
मनगटावर एक खवला वाळून चिकटलाय.
नखानं काढत नाही.
खिडकीतून ऊन येतं तसा तो फिरवत राहते,
अजून एखादी रेघ
आपल्याकडून सुटली असेल म्हणून.